गिटारची डबी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण रेडिओ बंद करावयास उठले असतील. त्यांनीं क्षणभर थांबावें. ज्या घरांत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे व मागच्या खोलींतून विजेच्या गिटारचा करकरीत आवाज येतो आहे, त्या घरांत हा विषय माझ्या आधींच येऊन बसलेला आहे. आणि तेथें त्याचें स्वागत बहुधा भांडणानें झालेलें असतें.

गिटार व ध्वनिवर्धक यांच्यामध्यें, जमिनीवर, पायानें दाबावयाची एक धातूची लहानशी डबी ठेवतात. इंग्रजींत तिला पेडल म्हणतात व मुलेंही तोच शब्द वापरतात. ‘पेटी’ हा शब्द सोयीचा झाला असता. परंतु आपल्याकडे पेटी म्हटली कीं बाजाचीच पेटी डोळ्यांपुढें उभी राहते, म्हणून मी आपला डबी म्हणतों. कोणती डबी आवाजाला प्रतिध्वनि देते, कोणती त्याला हेलकावे देते, कोणती त्यांतून ‘वाह’ असा माणसासारखा उद्गार काढते. मी मुख्यतः एकाच जातीविषयीं बोलणार आहें. ती सुराला खरखरीत करते. तिला ‘फझ’ म्हणतात. ती बाजारांत तयार मिळते, पण घरींही करतां येते, आणि विकत आणलेली डबीसुद्धां उघडून आपल्या मनाजोगी बदलतां येते.

माझा अधिकार विचाराल तर तो थोडका आहे. मी संगीतज्ञ नव्हे, आणि इंजिनियर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन मास्तर झालों, विज्ञान व हस्तव्यवसाय शिकविला, फावल्या वेळांत गल्लींतले रेडिओ दुरुस्त केले, आणि निवृत्त झाल्यावर शेजारपाजारच्या मुलांबरोबर बसून अशा पंधराएक डब्या केल्या. तेवढ्या जोरावर बोलतों.

विजेच्या गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्याखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असलेलें वेटोळें असतें. तार हलली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेला तोच नियम. ही वीज अगदीं थोडी, एका व्होल्टाच्या कांहीं दशांशांइतकी. ध्वनिवर्धकानें ती वाढवून लाउडस्पीकरला द्यावयाची, एवढाच मूळ व्यवहार. मध्यें डबी घालून त्या विजेच्या लाटेचा आकार बदलला, कीं सुराचा रंग बदलतो.

आतां प्रश्न असा, कीं चांगला सूर बिघडवावयाचा कशाला? हा प्रश्न मला आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं विचारला होता, आणि तो रागानें विचारला होता. त्यांचा मुलगा बारावींत होता. त्यानें तयार डबी मागितली नव्हती. सुट्या भागांपुरते पांचशें रुपये मागितले होते. वडिलांनीं पैसे तर दिले नाहींतच, उलट त्याचें सोल्डरिंग आयर्न कपाटांत घालून कुलूप लाविलें. “मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही मुलाला नादीं लावितां. स्वच्छ वाजणारें वाद्य घेऊन दिलें, तर हा त्याला नासविण्याचें यंत्र करतो आहे.”

गृहस्थ गाण्याचे दर्दी होते. म्हणून मीं त्यांना तंबोऱ्याची गोष्ट सांगितली. मिरजेच्या कारागिरानें भोपळा, दांडी, घोडी, खुंट्या सारें निर्दोष केलें, तरी जवारी लागल्यावांचून तंबोरा बोलत नाहीं. जवारी म्हणजे काय? घोडीचा माथा अशा बेतानें घासावयाचा कीं तारेला मोकळेपणीं हलतां येऊं नये. प्रत्येक हेलकाव्याला ती घोडीच्या पाठीला किंचित् चाटून जावी. मग सुताचा धागा तारेखालीं सरकवीत सरकवीत ती नेमकी जागा गांठावयाची. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हा तारेच्या मार्गांत मुद्दाम आणलेला अडथळा आहे. पण त्यामुळें मूळ स्वराच्या पोटांतले वरचे स्वर जागे होतात. खर्जाच्या तारेंतून गंधार ऐकूं येतो; गंधाराची तार तर कोणीच लाविलेली नसते. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतों आणि डोलतों. तो दुसरें तिसरें कांहीं नसून मूळ कंपसंख्येच्या पांचपटीचा स्वर होय. तिपटीचा स्वर पंचम.

फझच्या डबींत हेंच विजेनें होतें. गिटारची लाट इतकी वाढवावयाची कीं ती डबींत मावूं नये. मावली नाहीं म्हणजे तिचा माथा व तळ कापला जातो. गोल लाटेचे माथे असे सपाट झाले, कीं तिपटीचे, पांचपटीचे, सातपटीचे स्वर त्यांत उत्पन्न होतात. वरची व खालची बाजू सारखीच कापली तर विषम पटींचेच स्वर येतात. कमीअधिक कापली तर दुपटीचे व चौपटीचेही मिसळतात, आणि कानाला तें अधिक भरदार वाटतें.

इतकें ऐकून ते गृहस्थ म्हणाले, “मग तुमच्या डबींतून जवारीसारखें गोड कां वाजत नाहीं?” प्रश्न मार्मिक होता. उत्तर असें, कीं जवारी प्रत्येक तारेवर निरनिराळें काम करते, आणि डबी सर्व तारांच्या मिश्रणावर एकदम. त्यामुळें डबींत एक नवीनच प्रकार होतो. दोन स्वर एकत्र कापले गेले कीं त्यांच्या कंपसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर उमटतो. षड्ज २०० व पंचम ३०० धरा. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकांतला षड्जच. सूर भरला. षड्ज २०० व शुद्ध गंधार २५० घ्या. वजाबाकी ५०, तोही षड्जच, दोन सप्तकें खालचा. पण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध नसतो. बाजाच्या पेटीसारखे तेथेंही सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळें गंधार २५२ वर पडतो. वजाबाकी ५२! वर जी चूक कानाआड करतां येत होती, ती इतक्या खालीं आल्यावर अर्धस्वराच्या दोनतृतीयांशाएवढी होऊन बसते. पडद्यावरचा पंचम मात्र जवळजवळ अचूक असतो. म्हणून फझ लावून वाजविणारे वादक बहुधा षड्ज-पंचमाच्या जोडीवरच भर देतात. त्यांना हें गणित कोणी शिकविलेलें नसतें, कानानें शिकविलेलें असतें. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली व ती १९७१ सालीं शिथिल केली, त्या वादांत याच सारख्या तुकड्यांची कितीतरी चर्चा झाली होती. तीच कुरबूर एखाद्या पोराच्या गिटारमध्यें पुन्हां डोकें वर काढील असें त्या काळीं कोणास वाटलें असेल?

गृहस्थ निमूटपणें ऐकून गेले. त्यांची समजूत पटली असें मी म्हणणार नाहीं. मात्र आयर्न मुलाला परत मिळालें.

या आवाजाचा जन्म कोणा शास्त्रज्ञाच्या योजनेंतून झालेला नाहीं, तो नादुरुस्तींतून झाला. अमेरिकेंत लिंक रे नांवाच्या वादकानें १९५८ सालच्या ‘रंबल’ या आपल्या तुकड्याकरितां लाउडस्पीकरच्या कागदी शंकूस पेन्सिलीनें भोंकें पाडलीं असें सांगतात. पुढें १९६४ सालीं इंग्लंडांत डेव्ह डेव्हिस यानें तोच शंकु दाढीच्या पात्यानें चिरून ‘यू रिअली गॉट मी’ हें गाणें वाजविलें. पण डबीची खरी गंगोत्री नॅशव्हिल शहरांत आहे. तेथें मार्टी रॉबिन्स याच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचें मुद्रण चाललें असतां, ग्रेडी मार्टिन याचें वादन ज्या यंत्रांतून जात होतें त्यांतील एक भाग बिघडला व सुराऐवजीं घरघर उमटली. सुज्ञपणा असा, कीं ती पुसून टाकण्यांत आली नाहीं. १९६१ सालीं गाणें बाहेर पडलें तें त्या घरघरीसह, आणि लोकांना ती आवडली. दुसरे वादक तसाच आवाज मागूं लागले. पण बिघडलेलें यंत्र कायम तसेंच थोडेंच राहतें? तेव्हां मुद्रक ग्लेन स्नॉडी यानें तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साहाय्यानें हुकमी उत्पन्न करणारें मंडल तयार करविलें. गिब्सन कंपनीनें तें १९६२ सालीं ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें विक्रीस काढलें. आंत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर व दीड-दीड व्होल्टाचे दोन सेल. जाहिरात अशी, कीं यामुळें गिटार सॅक्सोफोनसारखी किंवा तुतारीसारखी वाजेल! तशी ती कांहीं वाजली नाहीं. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स मंडळीच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यांत कीथ रिचर्ड्‌स यानें ती वापरली तीही पुढें तेथें फुंकवाद्यें घालावीं या बेतानें. फुंकवाद्यें राहिलीं बाजूला, डबीचाच आवाज घरोघर गेला व दुकानांतल्या साऱ्या डब्या संपल्या.

दुसऱ्याच वर्षीं, १९६६ मध्यें, लंडनच्या आर्बिटर कंपनीनें ‘फझ फेस’ ही वाटोळी डबी काढली. हिचा आकार मायक्रोफोनच्या बैठकीवरून घेतलेला होता. जिमी हेंड्रिक्स हा अलौकिक वादक ती वापरूं लागला आणि तिचें नांव अजरामर झालें. त्याच्यासाठीं डब्या करणारा व बदलून देणारा एक तरुण होता, रॉजर मेयर. तो मूळचा ब्रिटिश नौदलखात्यांत ध्वनि व कंपनांच्या संशोधनाचें काम करणारा. सुरावर वरच्या सप्तकाचा सूर चढविणारी त्याची डबी हेंड्रिक्सनें १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मध्यें वापरली आहे.

मुलांना पहिल्यानें मी ही फझ फेसच करावयास लावितों. कारण सरळ आहे: ती अकरा वस्तूंची आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि फिरवावयाचे दोन पॉट. बस्स! रेझिस्टर १०० किलोओहम, ३३ किलोओहम, ८.२ किलोओहम व ४७० ओहम, कंडेन्सर २.२ मायक्रोफॅरड, २० मायक्रोफॅरड व ०.०१ मायक्रोफॅरड, पॉट एक १ किलोओहमचा व एक ५०० किलोओहमचा. वीस मायक्रोफॅरडचा नेमका कंडेन्सर मिळत नाहीं, २२ चा घालावा. कानाला फरक कळत नाहीं. बॅटरी ९ व्होल्टची. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, पुण्यास तपकीर गल्लींत यांतली प्रत्येक वस्तु मिळते. अट एकच, कीं दुकानदाराशीं बोलावयाच्या आधीं चिठ्ठीवर आंकडे लिहून न्यावे. गर्दीच्या वेळीं तेथें विचार करीत उभें राहणाऱ्याला कोणी विचारीत नाहीं.

मूळची डबी जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांची. ते आतां दुर्मिळ झाले आहेत, महाग आहेत, आणि जुनें म्हणून नवें व चांगलें म्हणून टाकाऊ विकणारेही पुष्कळ आहेत. शिवाय जर्मेनियमला उष्णता सोसत नाहीं. तापमान चढलें कीं त्याच्यांतून नको असलेली वीज झिरपूं लागते व सगळा तोल बिघडतो. लंडनच्या थंडींत गोड वाजलेली डबी नागपूरच्या मे महिन्यांत घुसमटते, हा त्या डबीचा दोष नव्हे, जर्मेनियमचा स्वभाव आहे. म्हणून आपण सिलिकॉनचा बीसी ५४७ हा कांहीं रुपयांत मिळणारा ट्रान्झिस्टर घ्यावा. पुढें खुद्द हेंड्रिक्सनेंही सिलिकॉनच्या डब्या वापरल्या, तेव्हां त्यांत कमीपणा मानावयास नको. मात्र एक ध्यानांत ठेवावें. जर्मेनियमचे ते ट्रान्झिस्टर उलट्या जातीचे होते. त्यांच्या नकाशांत बॅटरीचें धन टोंक जमिनीला जोडलेलें असतें. बीसी ५४७ घालतांना बॅटरीचीं टोंकें व ध्रुव असलेले कंडेन्सर हे दोन्ही उलटे करावे लागतात.

मंडल प्रथम ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोंकांच्या पाटीवर, डाख न देतां जुळवावें. वाजलें म्हणजे मग डाखाला हात घालावा. डाख देण्याची रीत पुस्तकांत असते, पण हाताला ती दहाव्या सांध्यानंतर येते. आधीं सांधा तापवावा, मग कथील त्या तापलेल्या सांध्याला लावावें. तें आपोआप वाहत जातें. आयर्नच्या टोंकावर कथील वितळवून सांध्यावर थापणें ही आळशाची रीत. नेहमींच्या शिसेमिश्रित कथलाचा चांगला डाख चकचकीत व पायथ्याकडे उतरता दिसतो. वाईट डाख मळकट गोळीसारखा बसतो व महिन्याभरांत दगा देतो.

मग मल्टिमीटर घेऊन दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्ट मोजावे. ते बॅटरीच्या निम्म्याजवळ, म्हणजे साडेचारांच्या आसपास असावे. लाटेला वर व खालीं हलावयास सारखी जागा राहते. तसे नसतील तर ८.२ किलोओहमच्या जागीं एक फिरवावयाचा लहान रेझिस्टर घालून साडेचारांवर आणावे. येथें मुलांच्या चेहऱ्यावर जें दिसतें तें मीं वर्गांत फार थोड्या वेळां पाहिलें. ओहमचा नियम मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला. मुलांनीं तो पाठ केला, उत्तरपत्रिकेंत लिहिला, व विसरूनही गेलीं. येथें तोच नियम ती स्वतः मागतात. उदाहरणार्थ, डबी चालू आहे हें दाखविणारा लाल दिवा. बॅटरी ९ व्होल्टची, दिवा २ व्होल्ट खातो, उरले ७. त्याच्यापुढें ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घातला तर दीड मिलिअँपिअर वीज जाईल. आणि वाजणारें सगळें मंडल मिळून किती वीज खातें? हिशेब केला तर सुमारें पाऊण मिलिअँपिअर! म्हणजे वाद्यापेक्षां पाटीचाच खर्च दुप्पट. एका मुलीनें हा हिशेब केला आणि दिवा काढून टाकला. मीं तिला शाबासकी दिली.

आतां बदल करण्याविषयीं. मला विचाराल तर खरी मौज येथेंच आहे. या मंडलांत आवाज बाहेर निघतो तो ८.२ किलोओहम व ४७० ओहम यांच्या सांध्यावरून. म्हणजे तयार झालेल्या आवाजाचा जेमतेम विसावा हिस्सा बाहेर येतो. ४७० च्या जागीं १ किलोओहम घाला, आवाज जवळजवळ दुप्पट होईल. तोंडाशीं असलेला २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.१ चा घाला, खालचे जाड सूर गळून पडतील व गढूळपणा निवळेल. साडेचार व्होल्ट मुद्दाम बिघडवून पाहा. मरावयास टेकलेल्या बॅटरीसारखा तुटक आवाज येईल, तोही कांहींना आवडतो. सिलिकॉनची एक खोड अशी, कीं त्याची वाढविण्याची शक्ति फार. त्यामुळें तो हवेंतले रेडिओसंदेशही पकडतो. आमच्या एका डबींतून एके संध्याकाळीं गिटारऐवजीं मध्यम लहरींवरील बातम्या स्पष्ट ऐकूं आल्या! मुलें हंसून लोळलीं. कलेक्टर व बेस यांच्यामध्यें १०० पिकोफॅरडचा चिमुकला कंडेन्सर घातला आणि बातम्या थांबल्या.

दुसरी एक डबी बदल शिकण्यास फार चांगली, ती जपानची. १९७९ सालीं सुसुमु तामुरा यांनीं योजलेली ‘ट्यूब स्क्रीमर’. हिच्यांत लाट कापण्याचें काम डायोड करतात. साधा सिलिकॉन डायोड सुमारें ०.६ व्होल्टवर कापतो, जर्मेनियमचा त्याच्या निम्म्यावर, आणि लाल दिव्याचा डायोड पावणेदोनच्या आसपास. म्हणून डायोडांच्या जागीं दोन लाल दिवे घातले तर आवाज मोठा व मोकळा होतो, आणि जोरांत वाजविल्यास डबीच्या पोटांत ते लुकलुकतातही. हिच्या पोटांत ४.७ किलोओहम व ०.०४७ मायक्रोफॅरडची एक जोडी आहे. ती सुमारें ७२० कंपनांच्या खालचे सूर कमी खरखरीत करते. गिटारची सर्वांत जाड तार असते ८२ कंपनांची. तो खालचा भाग अधिक हवा असेल तर कंडेन्सर ०.१ चा घालावा. मर्यादा ३४० च्या जवळ येते. एका कंडेन्सरनें एवढा फरक!

येथें मीं मुलांना दोन नियम घालून दिले आहेत. एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची; आणि बदल चांगला कीं वाईट हें ठरविणाऱ्यानें पाठ फिरवून बसावयाचें. कोणता भाग लाविला आहे हें त्याला कळतां कामा नये, व दोन्ही वेळां आवाजाची मोठाई सारखी ठेवलेली असावी. कारण मोठा आवाज नेहमींच चांगला वाटतो. या कसोटीला बाजारांतल्या कित्येक ‘दिव्य’ कंडेन्सरांची पांचपट किंमत टिकत नाहीं. मूल्य बदललें तर आवाज बदलतो. वरचा रंग व कंपनीचें नांव बदलून बहुधा कांहीं होत नाहीं. हें ऐकून पुष्कळ हौशी लोक माझ्यावर रागावतात. त्यांनीं एकदां पाठ फिरवून बसावें.

दुसऱ्याचें मंडल उतरवून घेणें ही चोरी नव्हे काय, असें एका श्रोत्यानें पूर्वीं मला पत्रांत विचारलें होतें. अमेरिकेंत बिल फिनेगन यानें १९९४ सालीं ‘क्लॉन सेंटॉर’ ही डबी काढली व कोणी नक्कल करूं नये म्हणून आंतील भाग राळेंत बुडवून टाकले. डबीची कीर्ति एवढी वाढली कीं जुन्या प्रतींस हजारों डॉलर मिळूं लागले. शेवटीं हौशी मंडळींनीं ती राळ खरवडून खरवडून मंडल कागदावर उतरविलेंच. माझें मत असें: स्वतः शिकण्याकरितां उतरवून घेणें हा अभ्यास आहे, आपल्या पाटीखालीं किंवा त्याच्याच पाटीखालीं तें विकून पैसे करणें ही निराळी गोष्ट, आणि ती मला मान्य नाहीं. उलट, ज्यानें शिकविण्यासाठींच लिहून ठेवलें त्याचे आभार मानावे. क्रेग अँडर्टन या वादकानें १९७५ सालीं वादकांकरितां इलेक्ट्रॉनिक जोडण्यांचें एक पुस्तक लिहिलें. त्यावर एक पिढी वाढली.

आईबापांना मी आणखी एक उदाहरण देतों. १९६३ सालीं लंडनच्या उपनगरांत सोळा वर्षांच्या ब्रायन मे यास चांगली गिटार परवडण्यासारखी नव्हती. त्याचे वडील हॅरोल्ड हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. बापलेकांनीं मिळून घरींच गिटार करावयास घेतली. गळा जुन्या शेगडीभोंवतालच्या महोगनीच्या लांकडाचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनांतल्या, दांडीचें टोंक आईच्या विणकामाच्या सुईचें, आणि पडद्यांवरच्या खुणा तिच्या डब्यांतल्या शिंपल्यांच्या बटनांच्या. तीच गिटार तो जन्मभर वाजवीत आला. पुढें तो ज्या ‘क्वीन’ मंडळींत गेला, तिचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला. त्याच मंडळींतल्या जॉन डीकन याला १९७२ सालीं कचऱ्याच्या पेटाऱ्यांत एक मंडलाची पाटी सांपडली. ती त्यानें एका लहान स्पीकरच्या खोक्यांत बसविली, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालविली, आणि तिच्यांतून मे यानें १९७५ सालच्या ‘गुड कंपनी’ या गाण्यांत सबंध जाझ बँडचा भास उत्पन्न केला. मुलानें संगीतासाठीं खगोलशास्त्रांतलें संशोधन अर्धवट सोडलें तें वडिलांना मुळींच रुचलें नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. तें संशोधन त्यानें २००७ सालीं पुरें करून डॉक्टरेट मिळविली.

आतां धोक्याविषयीं, कारण येथें मी सवलत देत नाहीं. डबी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तिच्यांत जिवाला भय नाहीं. परंतु एकदां डबी जमली कीं मुलांची नजर ध्वनिवर्धकाकडे वळते. व्हाल्वच्या ध्वनिवर्धकांत ३०० ते ४०० व्होल्ट, कधीं त्याहूनही अधिक असतात, आणि भिंतींतली वायर काढून टाकल्यावरही आंतल्या मोठ्या कंडेन्सरांत ते भरून राहतात. माहितगार माणूस शेजारीं असल्यावांचून त्याचें झांकण काढूं देऊं नये. तसेंच भिंतीच्या विजेवर चालणारा ॲडॅप्टर घरीं करूं नये. तो चांगल्या दुकानांतून तयार घ्यावा. कथलांत शिसें असतें, यास्तव डाखाचें काम झाल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये; लहान भावंडें जवळ नसावीं, खिडकी उघडी असावी. धूर निघतो तो मुख्यतः राळेचा, पण तोही फुफ्फुसाला बरा नव्हे. आणि तास-तासभर फझ ऐकणाऱ्या कानांना अधूनमधून विसांवा द्यावा. गेलेला कान परत येत नाहीं.

डबी धातूचीच कां, हें राहिलें. घरांतल्या तारांची ५० कंपनांची गुणगुण धातूचें कवच अडवून धरतें. प्लास्टिकच्या डब्यांत ती सुराबरोबर वाजत राहते. ॲल्युमिनियमची ओतीव डबी मिळते, पण पत्र्याचा जुना चहाचा डबाही चालतो. आमच्याकडच्या सर्वांत चांगल्या वाजणाऱ्या डबीवर अजून चहाचें चित्र आहे. भोंकें पाडतांना डोळ्यांवर चष्मा असावा, व कडा कानशीनें मोडाव्या. पायाचा स्विच नऊ टोंकांचा घ्यावा, म्हणजे डबी बंद असतां गिटारचा आवाज मंडलाला न शिवतां थेट पुढें जातो.

गिटारची वायर जेथें खोंचतात त्या भोंकांतच बॅटरी चालू होण्याची सोय असते. वायर खोंचली कीं बॅटरी चालू, काढली कीं बंद. तेव्हां वाजवून झाल्यावर पायानें स्विच बंद केला म्हणजे झालें असें समजूं नये. दिवा विझतो, पण मंडल आंत जागेंच असतें. वायर उपटून ठेवावी, नाहीं तर मोठ्या सुट्टीवरून परत आल्यावर नवीन बॅटरी आणावी लागेल.